इवलासा रणगाडा

बेळगावच्या माणसाला लष्कराचं अप्रूप नसतं. पहाटे कॅम्पाच्या बाजूला फिरायला गेलं की मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं धावताना दिसतात, त्यांच्या घोषणा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळं पॅरिसला मुलीकडे गेले असताना ती म्हणाली, "आई, रविवारी काँपिएन्यच्या जंगलात जाऊ, पहिलं महायुद्ध जिथं संपलं ती जागा आहे," तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो डब्यात काय न्यायचं याचा. जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. दिवस मावळायच्या आत जेवायची माझी सवय, तिला फ्रान्समध्ये भलतीच सूट मिळाली होती.

गाडी जावई चालवत होते. त्यांच्या मागच्या सीटवर सहा वर्षांची नात, तिच्या शेजारी मी. पोरीचे पाय स्वस्थ नाहीत. दर पाच मिनिटांनी बापाच्या पाठीवर सीटमधून एक लाथ. मुलगी ओरडायची, जावई हसून सोडून द्यायचे. हे एवढं बारीकसारीक का सांगते, ते पुढं कळेल.

जंगलाच्या मधोमध मोकळी जागा आहे. 11 नोव्हेंबर 1918 ला जर्मनांनी इथंच रेल्वेच्या डब्यात बसून शस्त्रसंधीवर सह्या केल्या. त्या डब्याच्या जातीचाच दुसरा डबा आता तिथल्या संग्रहालयात ठेवलाय. मूळचा डबा हिटलरच्या माणसांनी जर्मनीला नेला आणि तो पुढं जळून गेला. हे सगळं बघण्यासारखंच आहे, पण माझे पाय थबकले ते संग्रहालयाच्या आवारातल्या एका रणगाड्याशी. रणगाडा म्हटलं की डोळ्यापुढं धूड उभं राहतं. हा मात्र इवलासा. आमचे जावई उंच आहेत, त्यांच्या डोक्याच्या वर जेमतेम वीतभर. रुंदी आपल्या साध्या मोटारीएवढी. मागं शेपटीसारखं काहीतरी लोखंडी. नातीनं विचारलं, "आज्जी, हा लहान मुलांचा आहे का?"

जावयांनी मोबाइल काढून वाचायला सुरुवात केली. हा रेनो एफटी. ज्या कंपनीच्या मोटारी आपल्या रस्त्यांवर दिसतात आणि तिला आपण सरळ रेनॉल्ट म्हणतो, तीच ही रेनो. मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. पहिल्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम, गुण पंधरा. मधल्या चार वर्षांत माणसांचं काय झालं, याला गुण नव्हते. परत आल्यावर मी या गाड्याविषयी मिळेल ते वाचत गेले आणि त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते आहे.

1914 च्या शेवटाला फ्रान्समधलं युद्ध जमिनीत रुतलं. दोन्ही बाजूंनी खंदक, मध्ये काटेरी तारा, आणि तारांवर रोखलेल्या मशीनगन. सेनापतींना वाटायचं, एकदा का भगदाड पडलं की घोडदळ आत घुसवू. हे घोडदळ म्हणजे कोण, तर त्यात आपलीही माणसं होती. हैदराबादच्या जुन्या फौजेचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स ही पलटण दोन वर्षं त्या भगदाडाची वाट बघत फ्रान्समध्ये थांबली होती. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या रानाशेजारी तिला भाले घेऊन घोडे उधळायची एकदाची संधी मिळाली. उभ्या पिकातून ते गेले, रात्रभर जागा धरली, आणि मग त्यांना मागं बोलावलं. रान जर्मनांकडेच राहिलं. दोन महिन्यांनी, 15 सप्टेंबरला, त्याच रानावर इंग्रजांनी वेगळं काहीतरी पाठवलं. जगातले पहिले रणगाडे त्या दिवशी सोमच्या आघाडीवर उतरले. भाला आणि रणगाडा यांच्यात अंतर किती, तर एका उन्हाळ्याचं.

इंग्रजांचा तो रणगाडा 28 टनांचा होता. आत आठ माणसं आणि त्यांच्या मधोमध उघडं इंजिन. धूर, उकाडा आणि आवाज यांनी माणसं आतच बेशुद्ध पडत. गाडा नुसता वळवायचा तरी चौघांना हात लावावे लागत. फ्रेंचांचे पहिले रणगाडेही असेच बोजड होते. 16 एप्रिल 1917 ला बेरी-ओ-बाक इथं ते पहिल्यांदा लढाईत गेले. जर्मन तोफांना एवढं मोठं आणि संथ लक्ष्य कुठं मिळणार? पेट्रोलच्या टाक्या पेटल्या, माणसं आत जळाली, हल्ल्याचा नायक मेजर बोस्यू पहिल्याच तडाख्यात गेला. निम्म्याच्या आसपास गाडे माळावर पडून राहिले.

फ्रेंच रणगाडा दलाचा प्रमुख एस्तिएन हा मूळचा तोफखान्यातला माणूस. मोठ्या गाड्यांचा आग्रह त्यानंच धरला होता, पण बेरी-ओ-बाकच्या आधीच त्याच्या मनात दुसरी गोष्ट घोळत होती. थोडे मोठे गाडे पाठवण्यापेक्षा पुष्कळ छोटे पाठवावेत, मधमाश्यांच्या मोहोळासारखे. तोफांनी मारून मारून किती माराल? लुई रेनोकडे तो 1915 च्या अखेरीस गेला होता. तेव्हा रेनोनं नकार दिला. हातात कामं फार आहेत आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांचा आपल्याला अनुभव नाही, हे त्याचं म्हणणं. जुलै 1916 मध्ये दोघांची पॅरिसमध्ये पुन्हा गाठ पडली आणि या वेळी रेनोनं मनावर घेतलं.

रेनो हा मोटारी बनवणारा माणूस, तेव्हा त्यानं हिशेब मोटारीचाच केला. त्या काळच्या इंजिनांत मोठं धूड ओढायची ताकदच नाही, हे त्याला दिसत होतं. मग वजनच कमी करा. सात टनांच्या आत बसवा. त्याच्याकडचा रोडॉल्फ एर्न्स्ट-मेट्झमायर हा आराखडे काढण्यात तरबेज होता, कागदावरचं काम त्यानं केलं. डिसेंबर 1916 मध्ये लाकडाचा नमुना तयार झाला. सरकारी कचेरीत त्याला विरोध करणारे होतेच. दोनच माणसं? एवढंसं चिलखत? एवढी छोटी तोफ? आपल्याकडं नवीन सून छोटा कुकर आणते तेव्हा सासूबाई जशा बघतात, तसे ते अधिकारी त्या लाकडी गाड्याकडे बघत असणार असं मला आपलं वाटतं. पण 1917 च्या वसंतातल्या चाचण्यांत गाडा चालला, पेतांसारखा सेनापती मागं उभा राहिला आणि मागणी शेकड्यांवरून हजारांवर गेली.

या गाड्याची मांडणी शंभर वर्षांनी आजही बदललेली नाही, असं जाणकार सांगतात, आणि आपल्यासारख्या बाईलाही ती चटकन समजते. पुढं चालक. मध्ये, वरच्या अंगाला, तोफ चालवणारा. मागं इंजिन, आणि इंजिन व माणसं यांच्यामध्ये पोलादी भिंत. धूर आणि उष्णता पलीकडं, माणसं अलीकडं. चूल आणि बसायची खोली वेगळी करावी इतकी साधी गोष्ट, पण आधी कुणी नीट केली नव्हती. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वरचा बुरूज. तो गोल फिरायचा. गाडा कुठल्याही दिशेला जात असू दे, तोफ चहूकडे वळवता यायची. त्याला यंत्र नव्हतं, आतल्या माणसानं हातानं ढकलायचा. बुरुजात 37 मिलिमीटरची छोटी तोफ तरी असायची, नाहीतर मशीनगन. तोफेच्या गाड्यात 237 गोळे भरलेले. चिलखत जाड म्हणावं तिथं 22 मिलिमीटर, म्हणजे माझ्या करंगळीच्या दीडपट. साध्या गोळीला पुरेसं, तोफेच्या गोळ्यापुढं कागद. मागची ती शेपटी होती खंदक ओलांडताना गाडा मागं उलटू नये म्हणून. वेग तासाला सात-आठ किलोमीटर. आमच्या कॅम्पातली पोरं त्याच्या पुढं धावतील. लांबवर जायचं तर त्याला ट्रकवर किंवा रेल्वेवर लादून न्यायचे, पायांनं चालून दमू नये म्हणून.

एफटी या अक्षरांचा अर्थ शोधायला मी बरीच पानं उलटली. त्यात अर्थ काही नाही. कारखान्यात नव्या कामाला देतात तशी ती नुसती ओळखीची अक्षरं.

आता आतल्या दोन माणसांविषयी. बुरुजातल्या माणसाला बसायला खुर्ची नव्हती, आडवा लटकवलेला एक पट्टा होता. बहुतेक वेळ तो उभाच. बारीक फटीतून शत्रू शोधायचा त्यानं, बुरूज फिरवायचा त्यानं, गोळा भरायचा त्यानं, नेम धरायचा त्यानं, डागायचाही त्यानंच. कुठं जायचं ते ठरवायचं त्यानं, आणि तो तुकडीचा नायक असेल तर बाकीच्या चार गाड्यांनी काय करायचं तेही त्यानंच बघायचं. एकाच वेळी पाच कामं करणाऱ्याची दशा काय होते हे बायकांना वेगळं सांगायला नको. पुढं लष्करातल्या लोकांनीही या गाड्याचा हाच मोठा दोष मानला. माणूस एकच आणि डोळे दोनच.

चालक पुढं खाली, जवळजवळ जमिनीलगत बसलेला. त्याला समोरची एक चीर दिसायची, बाकी काही नाही. बुरुजातला माणूस सांगेल तसा गाडा न्यायचा. पण सांगणार कसं? इंजिनाच्या, पट्ट्यांच्या आणि तोफेच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता. बोलायचं यंत्रही नव्हतं. तेव्हा वरच्यानं खालच्याला लाथेनं सांगायचं. पाठीत लाथ म्हणजे चल. उजव्या खांद्यावर पाय लागला की उजवीकडं वळ, डाव्या खांद्यावर लागला की डावीकडं. डोक्यावर एक दाब म्हणजे थांब. ही पद्धत ठरवून दिलेली होती, पोरांना शिकवली जायची.

जावयांनी हे वाचून दाखवलं तेव्हा मुलगी नातीकडं बघून म्हणाली, "बघ, तुझ्यासारखंच." आम्ही सगळे हसलो. नंतर मात्र तो प्रकार माझ्या मनातून जाईना. अठरा-वीस वर्षांचा कुणाचा तरी मुलगा, अंधारात, पाठीवर लाथ येईल तसा पुढं चाललाय. आणि वरून लाथ यायची थांबली तर? वरचा माणूस विचार करतोय की गोळी लागून लोंबकळतोय, हे त्याला मान वळवूनच बघावं लागणार. इतिहासाच्या पुस्तकात संदेशवहन असा शब्द असतो. तो इथं या पाठीपर्यंत येऊन संपत होता.

हे गाडे कुणी बनवले? पॅरिसच्या कडेला सेन नदीच्या काठी बियाँकूर इथं रेनोचा मोठा कारखाना. एफटीतले निम्म्याच्या आसपास तिथले, बाकीचे बेर्लिए, सोम्युआ अशा इतर कारखान्यांतले. युद्धात पुरुष आघाडीवर गेले तसा बायकांचा ओघ कारखान्यांकडे लागला. रेनोकडे हजारोंनी बायका होत्या. लेथवर उभ्या राहून गोळे घासणाऱ्या, तपासणाऱ्या, उचलून रचणाऱ्या. त्यांचे फोटो मी पाहिले. केस बांधलेले, अंगात जाड झगा, कॅमेऱ्याकडं बघायला सवड नाही. मजुरी पुरुषांपेक्षा कमी. 13 जून 1917 ला याच कारखान्यातली एक इमारत यंत्रांच्या भारानं कोसळली आणि पंचवीसच्या वर कामगार दगावले. इथले नवे रणगाडे अजून आघाडीवर गेलेही नव्हते.

दुसरी एक गोष्ट मला कुठल्याच लढाईच्या वर्णनात सापडली नाही, कामगारांच्या इतिहासात सापडली. 13 मे 1918 ला रेनोच्या कारखान्यात संप सुरू झाला आणि तो पॅरिसभर पसरला. लाखाच्या घरात कामगार बाहेर पडले. कारण मजुरीचं नव्हतं. तरुण कामगारांना कारखान्यातून काढून आघाडीवर पाठवायचा सरकारचा बेत होता, आणि हे युद्ध कशासाठी चाललंय ते आम्हाला सांगा, असं संपवाले विचारत होते. संप पाच-सहा दिवसांत मोडला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 31 मेला, तिथून निघालेले गाडे पहिल्यांदा लढाईत उतरले.

जर्मनांनी 27 मेला मोठी मुसंडी मारली होती आणि पॅरिस त्यांच्या टप्प्यात येऊ लागलं होतं. रेत्झच्या जंगलाच्या पूर्वेला, प्लोआझी आणि शाझेल या गावांच्या मध्ये, 30 एफटी घाईघाईनं पुढं ढकलले. ते गेले, जर्मनांची आगेकूच त्यांनी अडवलीही. पण मशीनगनच्या माऱ्यात पायदळाला त्यांच्यासोबत जाता आलं नाही, आणि एकट्या रणगाड्यानं जमीन ताब्यात राहत नाही. त्यांना मागं फिरावं लागलं. मग 18 जुलैला सोआसाँच्या लढाईत ते शेकड्यांनी आले. पहाटे, आधी तोफांचा भडिमार न करता, पिकातून आणि रानातून एकदम बाहेर. जर्मन त्या दिवसापासून मागं सरकू लागले ते नोव्हेंबरपर्यंत सरकतच राहिले. एस्तिएनचं मोहोळ उठलं होतं. शस्त्रसंधीपर्यंत अडीच हजारांहून जास्त एफटी फ्रेंच सैन्याच्या हाती पडले होते.

दुखणीही होती. पंख्याचा पट्टा तुटायचा आणि इंजिन तापायचं. चिखलात बसला की बसला. गाडे एकमेकांपासून ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगावर पत्त्यांतली चिन्हं रंगवायचे. पहिल्या तुकडीला इस्पिक, दुसरीला बदाम, तिसरीला चौकट, आणि किलवरही होतं. लांबून बघितलं तर कुणीतरी माळावर डाव मांडलाय असं वाटावं.

अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा एकही रणगाडा नव्हता. फ्रेंचांनी तिला एफटी दिले. त्यांची शाळा काढायला आणि पोरं शिकवायला एक घोडदळातला अधिकारी नेमला, जॉर्ज पॅटन. पुढच्या महायुद्धात गाजलेला सेनापती तो हाच. 12 सप्टेंबर 1918 ला सेंट मिहिएलच्या लढाईत त्याच्या हाताखाली 144 एफटी होते. शत्रूपेक्षा चिखलानं आणि संपलेल्या पेट्रोलनंच त्यातले जास्त अडवले. आपले गाडे कुठं आहेत ते कळावं म्हणून पॅटन स्वतः पायी हिंडत होता. त्यानंतर पंधरवड्यानं, 26 सप्टेंबरला, शेपी गावाजवळ धुक्यात गाडे एका खंदकाशी अडले. पॅटननं माणसांना फावडी घ्यायला लावून काठ उतरता करून दिला आणि गाडे पलीकडं गेल्यावर हाताशी होते तेवढे शिपाई घेऊन पुढं निघाला. एकेक करून सगळे पडले. शेवटी सोबत उरला त्याचा ऑर्डर्ली, जो अँजेलो. पॅटनच्या मांडीतून गोळी आरपार गेली. अँजेलोनं त्याला ओढून तोफेच्या गोळ्यानं झालेल्या खड्ड्यात नेलं, पट्टी बांधली, आणि गोळीबार चालू असताना त्याच्यापाशी बसून राहिला. त्याबद्दल त्याला मोठं पदकही मिळालं.

सहा आठवड्यांनी याच काँपिएन्यच्या जंगलात सह्या झाल्या. दोनच दिवसांत फ्रान्सच्या मंत्र्यानं दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या बायकांना आवाहन केलं: 5 डिसेंबरच्या आत काम सोडाल तर महिन्याचा पगार बक्षीस. कामाची गरज संपली, घरी जा. एवढं चटकन कुणी आपलं आभारपत्र लिहीत नाही.

बायका घरी गेल्या, रणगाडे मात्र गेले नाहीत. एफटी देशोदेशी विकला गेला, दिला गेला, पकडला गेला. पोलंडनं घेतला. रशियात लाल सैन्यानं तो हस्तगत करून त्याची नक्कल बनवली आणि पहिल्या नक्कलेला लेनिनचं नाव दिलं. 1925 मध्ये स्पेननं मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तो समुद्रातून उतरवला. अमेरिकेनं हाच नमुना घेऊन आपल्याकडे साडेनऊशेच्या आसपास गाडे तयार केले, पण युद्ध संपायच्या आत त्यातला एकही आघाडीला पोचला नाही.

त्यातल्या काहींना काम मिळालं ते 1932 मध्ये, आणि कुठं तर खुद्द वॉशिंग्टनमध्ये. पहिल्या युद्धातल्या अमेरिकन शिपायांना सरकारनं एक रक्कम कबूल केली होती, पण ती द्यायची होती 1945 साली. मंदी आली, नोकऱ्या गेल्या, चुली विझल्या. माणसं म्हणाली, आमचे पैसे आत्ताच द्या. हजारो जुने शिपाई बायकामुलांसह राजधानीत येऊन राहिले. फळ्या, पत्रे, जुन्या खोक्यांची खोपटी, नदीकाठी. 28 जुलैला सरकारनं सैन्य आणलं. संगीन लावलेलं पायदळ, अश्रुधूर, तलवारी काढलेलं घोडदळ, आणि मागून हे पाच-सहा छोटे रणगाडे, दुकानांच्या रस्त्यातून खडखडत. रात्री खोपटी पेटली. पोरांना कडेवर घेऊन बायका पुलावरून निघाल्या.

घोडदळात अधिकारी म्हणून पॅटन होता. आणि खोपटीतल्या लोकांत जो अँजेलो होता. न्यू जर्सीतला हा बेकार माणूस, आदल्या वर्षी चालत वॉशिंग्टनला येऊन प्रतिनिधींच्या समितीपुढं आपली कहाणी सांगून गेलेला. दुसऱ्या दिवशी तो पॅटनला भेटायला आला. पॅटननं भेट नाकारली, त्याला तिथून न्यायला सांगितलं. पॅटनच्या घरच्यांनी एरवी अँजेलोला मदत केली होती असं म्हणतात. असेलही. मी मात्र हे वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि उगीचच भाजी निवडत बसले. एकाच चिखलात दोघे उभे होते. त्यांना जोडणारा गाडाही तिथंच होता, फक्त त्याचं तोंड आता अँजेलोकडं होतं.

बाकीचं थोडक्यात. 1940 मध्ये जर्मन पुन्हा आले तेव्हाही फ्रेंचांनी पाचेकशे एफटी लढाईत उतरवले होते. बाविसेक वर्षांत रणगाडे कुठल्या कुठं गेले होते आणि हे म्हातारे अजून पाळीवर. 22 जूनला हिटलरनं याच जंगलात, त्याच डब्यात, फ्रान्सला शस्त्रसंधीवर सही करायला लावली आणि फॉशचा पुतळा सोडून बाकीची जागा उद्ध्वस्त केली. पकडलेले एफटी जर्मनांनी विमानतळांवर पहाऱ्याला लावले. लुई रेनोवर जर्मनांना मदत केल्याचा आरोप आला आणि 1944 च्या ऑक्टोबरमध्ये तो कैदेत असतानाच गेला. त्याआधी नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकन सैन्य मोरोक्कोत उतरलं, तेव्हा साफी बंदराशी त्याच्यासमोर आले ते फ्रेंचांचे जुने एफटीच. त्या मोहिमेचा अमेरिकन सेनापती होता पॅटन. ज्या गाड्यात त्यानं पोरं शिकवली, तोच आता समोरून. टिकला अर्थातच नाही. या शतकातही काही एफटी काबूलच्या भंगारात सापडले, आणि त्यातला एक 2012 मध्ये पोलंडनं मायदेशी असल्यासारखा वाजतगाजत नेला.

काँपिएन्यला त्या दिवशी आम्ही गाड्यापाशी फार वेळ थांबलो नाही. नातीला पुढच्या झडपेतून आत बघायचं होतं, ती बंद होती. तिनं लोखंडावर हात ठेवून बघितला, उन्हानं तापलं होतं, चटकन काढून घेतला. मग झाडाखाली बसून आम्ही डबा खाल्ला.

परतीच्या वाटेवर पोरगी पेंगुळली. झोपेत तिचे पाय पुन्हा चाळवले आणि जावयांच्या पाठीला एक लाथ बसली. ते काही बोलले नाहीत, गाडी चालवत राहिले. मी तिची सँडल काढली आणि पाय माझ्या मांडीवर घेतले.